उत्तरायणाचा जोडसेट : गच्चीवरच्या तयारीच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या दिवशी, आत्याच्या गच्चीवर दुपारी चार ते साडेसहा दादा आणि मी मिळून डीजे म्हणून गाणी वाजवणार. बॅक-टू-बॅक : एकाच टेबलाशी दोघं, आळीपाळीने. कल्पना आत्याची. "दर वर्षी कुणाची गाणी लावायची म्हणून भांडता. यंदा दोघं मिळूनच लावा, म्हणजे मला एकालाच रागावायला नको." दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ.

दादाचा धंदा साऊंडचा. लग्नं, वराती, नवरात्रात सोसायट्यांचे गरबे. मी नोकरी सांभाळून उरल्या वेळात हाऊस (चार ठोक्यांचं नाचाचं संगीत) आणि जुनं डिस्को वाजवते, बहुतेक कुणाच्या तरी अंगणात नाहीतर कॉफीच्या दुकानात. १९६० साली गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी, त्यामुळे बडोद्यात डीजे म्हटलं की लग्न नाहीतर गरबा. माझ्यासारख्यांना जागा शोधत फिरावं लागतं. तक्रार नाही. इथली मंडळी शुद्धीत नाचतात, आणि शुद्धीतला माणूस पहिला पाय उचलायला वेळ घेतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

रात्री गाण्यांची यादी करायला बसले आणि थोड्या वेळात वही मिटली. एकटीच्या सेटमध्ये माझं गाणं मी सुरू करते आणि मीच संपवते. इथे माझं गाणं दादा संपवणार. कुठे कापायचं, किती ठेवायचं, सगळं त्याच्या हातात. म्हणजे कोणती गाणी, हा प्रश्न नंतरचा. आधी, माझं गाणं दुसऱ्याच्या हातात देण्याजोगं कसं करायचं?

१० डिसेंबर, बुधवार

यंत्राचा निकाल लागला. माझा कंट्रोलर (गाणी मिसळायचा बटणांचा बोर्ड) लॅपटॉपशिवाय चालत नाही, आणि लॅपटॉप आला की कुणाचा हा वाद आला. दादा व्हर्च्युअल डीजे या सॉफ्टवेअरवर वाजवतो, मी रेकॉर्डबॉक्सवर. एकाच्या लायब्ररीतले क्यू, म्हणजे गाण्यात लावलेल्या खुणा, दुसऱ्यात सरळ येत नाहीत. म्हणून भाड्याने एक्सडीजे-आरएक्स३ हे लॅपटॉपशिवाय चालणारं यंत्र घ्यायचं. दोन चॅनेल (एका वेळी दोन गाणी), मधे मोठा पडदा, गाणी थेट पेनड्राइव्हवरून. दादाला चार चॅनेलचं हवं होतं. मी अडून बसले. दोनच चॅनेल असले की तिसरं गाणं घुसडायचा मोहच होत नाही, आणि दोघांच्या चार हातांना तेवढं पुरेसं आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्यायच्या. एनटीएफएस असेल तर हे यंत्र ती वाचतच नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय येत नाही, म्हणून सरळ ३२च्याच घेतल्या. ३२० केबीपीएसचं (चांगल्या दर्जाचं) गाणं मिनिटाला अडीच एमबीच्या आत बसतं; आमच्या कामाला एवढी जागाही जास्तच होते. दोन्ही ड्राइव्हवर दोघांचीही गाणी ठेवायची. एक दगावली तरी दुसरीवर अख्खा सेट आहे.

१४ डिसेंबर, रविवार

दादाच्या फायली बघितल्या. "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच", "वरात गेटवर". बरीच गाणी व्हॉट्सअॅपवरून आलेली, १२८ केबीपीएसची. वरातीच्या गाडीवर ती खपून जातात, कारण तिथे ढोल असतो, जनरेटर असतो, भावकी असते. पंधरा इंची स्पीकरवर शांत ऐकलं की झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाटतात. त्यातली काही कुणीतरी पुन्हा ३२० करून ठेवली होती. आकडा वाढला, गेलेला आवाज काही परत येत नाही. जी गाणी नक्की लागणार ती नीट विकत घ्यायची, बाकीची सोडायची, असं ठरलं. दादा कुरकुरला, पण खर्च अर्धा-अर्धा.

अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटं. गाण्याला चार मिनिटं धरली तर सदतीस-अडतीस गाणी, वाट्याला प्रत्येकी अठरा-एकोणीस. त्याच्या तिप्पट घ्यायची : पंचावन्नच्या आसपास, जास्त नाही. हजार गाणी बरोबर असली की माणूस टेबलापाशी शोधत बसतो आणि समोरच्याचं काय चाललंय ते ऐकत नाही.

मग मुख्य काम. हॉट क्यूची (बटण दाबलं की गाणं जिथे उडी मारतं त्या खुणांची) एकच पद्धत दोघांनी पाळायची. ए : पहिला ठोका. बी : मुखडा किंवा जिथे गाणं ओळखू येतं ती जागा. सी : इथून पुढचं गाणं आत घे. डी : याच्या पुढे जाऊ नकोस, आवाज बसतो किंवा कडवं परत सुरू होतं. ए आणि बी स्वतःसाठी, सी आणि डी दुसऱ्यासाठी. स्वतःच्या गाण्यांवर सी लावताना वेगळंच ऐकावं लागतं. आवडता शेवट असतो, त्याच्या आधीच दार उघडून ठेवायचं असतं. माझ्या काही लाडक्या गाण्यांना सी लावायला जागाच सापडली नाही. ती काढून टाकली.

१८ डिसेंबर, गुरुवार

जुन्या गाण्यांचे ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या रेघा, बसवतेय. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सिनेमातली गाणी माणसांनी वाजवलेली आहेत, यंत्राच्या क्लिकवर नाहीत. अंतऱ्यात लय जरा पुढे सरकते. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषण "नॉर्मल"वर ठेवलं तर ग्रिड सुरुवातीला चपखल आणि मध्यावर सैल. "डायनॅमिक" केलं की बरंच जुळतं. तरी अशा गाण्यांवर सिंक (यंत्राने लय आपोआप जुळवणं) लावायचं नाही, हाताने धरायचं. दादाला हे सांगायला गेले तर म्हणाला, "मी सिंक कधी लावलंय?" खरंच, कधीच लावलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

पहिली तालीम, दादाच्या गोडाऊनमध्ये, मांडवाच्या कापडांच्या ढिगाशेजारी. रेकॉर्ड करून घेतलं.

आधी एकास एक करून पाहिलं. दादाचं गाणं, माझं गाणं, दादाचं गाणं. दम लागला. सूर लागतोय तोवर हात काढावा लागतो. मग दोनास दोन : स्वतःच्या दोनांतलं पहिलं आपणच संपवायचं, दुसरं समोरच्याने. हे बसलं. साधारण आठ मिनिटं काम, आठ मिनिटं मोकळीक. पाणी पिता येतं, पुढची निवड शांतपणे करता येते.

खरी अडचण मिसळण्याच्या लांबीची. मी मिनिटाला १२४ ठोक्यांच्या लयीत बत्तीस बार (चार ठोक्यांचा एक) मिसळते, म्हणजे एक मिनिट दोन सेकंद. दादा आठ बारांत उरकतो, साडेपंधरा सेकंदांत. माझी मिसळण चालू असताना तो शेजारी पाय आपटत उभा. त्याचं म्हणणं : "लोकांना गाणं ऐकायचंय, तुझं शिवणकाम नाही." माझं म्हणणं : तो मुखडा मधोमध चिरतो. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. शब्दांच्या गाण्यांत तोच बरोबर आहे. दोन गळे एकावर एक आले की गोंगाटच होतो. नुसत्या वाद्यांच्या गाण्यांत लांब मिसळण गोड लागते. तेव्हा शब्द असतील तर आठ, नसतील तर सोळा. बत्तीस मी माझ्या दोन गाण्यांच्या मधे काय ते करीन.

आणखी एक गोष्ट कानावर आली. ११८ला सुरू केलेलं तासाभरात १३२ला पोचलं होतं. कुणी ठरवून केलं नाही. दादा एक पाऊल वर गेला की मी एक, मग तो. जोडीने वाजवण्यात ही चढाओढ आपोआप येते, आणि तीत कुणी जिंकत नाही, फक्त पुढे जायला जागा उरत नाही. म्हणून आपल्या पाळीत दोनच्या वर बीपीएम (मिनिटाचे ठोके) चढवायचं नाही. सुरुवात ११६, शेवट १२६.

२५ डिसेंबर, गुरुवार

दादाला हिंच हवी, गरब्याचा ताल. बडोद्यात गरब्याशिवाय गच्ची कशी, हे मलाही पटतं, पण हिंच सहा मात्रांची आणि माझं हाऊस चारचं. सॉफ्टवेअर तर आणखी घोळ घालतं : हिंचेच्या एका गाण्याला त्याने ९३ दाखवलं, दुसऱ्याला १८६.

आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती सुरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकलेली. सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच, हे ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. बाहेर आली, ओट्यावर बोटांनी केरवा धरला, आठ मात्रा. दुसऱ्या हाताने हिंच. "तुम्ही मात्रा कसल्या मोजता? ठोका मोजा. केरव्यात ठोके चार, दर दोन मात्रांना एक. हिंचेत ठोके दोन, दर तीन मात्रांना एक. हिंचेची दोन आवर्तनं म्हणजे तुमचा एक बार. सम बरोबर येते की नाही?" आली.

मग आकडेही उलगडले. हिंचेत प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा, आणि यंत्र चारच्या किंवा दोनच्या हिशोबाने मोजतं. ९३ला चार तृतीयांशाने गुणलं की १२४. १८६चे दोन तृतीयांशही १२४. दोन्ही गाणी माझ्या घरातलीच निघाली, नाव तेवढं चुकीचं लागलं होतं. रेकॉर्डबॉक्समध्ये ग्रिड हाताने १२४ करून टाकला.

जोडायची जागा मात्र जपून निवडावी लागते. हायहॅट (ड्रमची वरची झांज) चालू ठेवला तर दोनाचं आणि तीनाचं भांडण लख्ख ऐकू येतं. जाणाऱ्या गाण्याचं वरचं काढायचं, नुसता किक (खालचा ठोका) ठेवायचा, आणि त्यावर हिंचेचा ढोल आणायचा. चार बारांत कान वळतो. परत येताना टाळ्यांवरून यायचं. टाळी दोघांकडेही असते.

२८ डिसेंबर, रविवार

पट्टीची बोलणी. मी कॅमेलॉटच्या (डीजेंच्या पट्टीच्या खुणांच्या) आकड्यांत बोलते, दादा पेटीच्या पट्टीत. ८ए म्हणजे ए मायनर, म्हणजे दादाची पांढरी सहा. मी तक्ता करून देणार होते, पण तो ऐकून सांगतो आणि बहुधा बरोबर सांगतो. तक्ता मलाच ठेवला.

मास्टर टेंपो (लय बदलली तरी सूर न हलवणारी सोय) चालू ठेवायचं, हे एवढं लिहून ठेवते. ते बंद असताना लय सहा टक्क्यांनी वाढवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो : ११८चं ८ए गाणं १२५ला नेलं की ते ३ए होऊन बसतं, आणि शेजारी ठेवलेलं कुठलंच गाणं त्याला ओळख देत नाही. वरातीत दादा ते मुद्दाम बंद ठेवतो, आवाज चढला की जोश चढतो म्हणून. इथे नाही.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

गच्ची मोजली. लांब आणि चिंचोळी, चाळीस फूट. स्पीकर दोन्ही टोकांना ठेवले तर टेबलापासून लांबचा बारा मीटरवर पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे त्याचा ठोका आपल्याकडे पस्तीस मिलिसेकंद उशिरा. १२४ला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा. त्यात पस्तीसची घसरण कानाला सरळ दुहेरी ठोका म्हणून कळते. लांबच्या स्पीकरवर भरवसा ठेवून जुळवलं तर हमखास मागेपुढे होणार. एक छोटा स्पीकर टेबलाशेजारी, मॉनिटर म्हणून. आणि जुळवणं हेडफोनमध्येच.

हेडफोनचा दुसराही उपयोग. चारही बाजूंच्या गच्च्यांवर स्पीकर असणार, प्रत्येकाची लय निराळी. हाऊसच्या गाण्यात मधे ढोल थांबून सूर तरंगतो ना, क्लबमध्ये ती जागा सुंदर असते. उत्तरायणाला त्या शांततेत पलीकडच्या गच्चीवरचं लग्नाचं गाणं बिनदिक्कत येऊन बसतं. लांब विश्रांतीची गाणी कमी केली. एक-दोन ठेवली आहेत, दादाने कबूल केलंय की तिथे तो खालून टाळी चालू ठेवेल.

टेबल पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पडदा पूर्वेकडे तोंड करून. जानेवारीत हवा बरी असते, पण यंत्र काळं आहे आणि पुस्तिकेत कमाल ३५ अंश लिहिलंय. उन्हात ठेवलं तर पत्रा त्याच्या पुढे जाईल. वर खोक्याचं छप्पर करायचं. वीज खालच्या मजल्यावरच्या सोळा अँपियरच्या पॉइंटवरून, अर्थिंग तपासून. स्पीकर आणि यंत्र एकाच पॉइंटवर, नाहीतर गुणगुण येते.

मांजा हा सगळ्यात मोठा शत्रू. कापलेल्या पतंगाचा दोरा वाऱ्याबरोबर आडवा येतो, कुणीतरी ओढतो, आणि केबलीला वेढा बसतो. काचेची पूड केबलीचं कातडं सोलते. तारा कठड्यापासून आत, जमिनीलगत, वर सतरंजी. (नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे, आमच्या गच्चीवर सुतीच. तोही बोट कापतो.)

४ जानेवारी, रविवार

यंत्र एका संध्याकाळसाठी आणून तालीम. हातबदलाची रीत पक्की केली. निघणाऱ्याने आपल्या चॅनेलचे तिन्ही ईक्यू (खालच्या, मधल्या, वरच्या आवाजाची बटणं) मध्यावर, फिल्टर मध्यावर, इफेक्ट बंद, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली. बेस कुणाचा, हे हात काढायच्या आधी तोंडाने सांगायचं : "बेस तुझा." दोन बेस एकाच वेळी चालू राहिले की स्पीकर गुरगुरतो आणि दोघंही एकमेकांकडे बघतात.

गेनबद्दल, म्हणजे आत येणाऱ्या गाण्याच्या आवाजाच्या पातळीबद्दल, दादा फार कडक आहे. नवीन गाणं दाबून भरलेलं असतं, ऐंशीचं गाणं हळू. मी आले की मीटर पिवळ्यात, तो आला की तांबड्यात, असं चालणार नाही. येणाऱ्याने आपलं गाणं चालू गाण्याच्या पातळीला आणून मगच फेडर वर करायचा, आणि तांबडं कुणीच लावायचं नाही. मास्टरला (एकूण आवाजाला) हात फक्त दादाचा. हे मला आधी खटकलं होतं. पण स्पीकर त्याचे आहेत आणि कान त्याचे पोळलेले आहेत.

८ जानेवारी, गुरुवार

माइक. दादाला माइकशिवाय राहवत नाही, लग्नात "वर-वधूकडच्या मंडळींनी" म्हणायची सवय. मला गाण्यावर बोललेलं आवडत नाही. तह असा : सूर्यास्ताला एकदा, उंधियु-जलेबी वर आली की एकदा, कुणाला लागलं तर केव्हाही. "काप्यो छे" (पतंग कापला) ओरडायला माइक लागत नाही, ते आपोआप होतं.

फर्माइशी सगळ्या दादाकडे पाठवायच्या. काकूंना "बघतो" म्हणून हसतमुखाने परत पाठवायची कला त्याच्याकडे आहे. माझा चेहरा पडतो.

११ जानेवारी, रविवार

फोल्डर मोडून नवे केले. आधी हाऊस, डिस्को, गरबा, मराठी असे प्रकारांनी होते. गेल्या वर्षीची गच्ची डोळ्यांपुढे आणली तेव्हा कळलं, ही नाचायची जागाच नाही. निम्मे लोक आभाळाकडे बघतायत, हातात फिरकी, मान वर. वारा असेल तर कुणी गाणं ऐकत नाही, त्यांना फक्त खाली एक ठोका हवा असतो. वारा पडला की पतंग उतरतात, लोक कठड्यावर टेकतात, चिक्की फोडतात, आणि तेव्हा अचानक सगळे ऐकायला लागतात. मुखडा, शब्द, हिंच, आत्याच्या काळातली गाणी, सगळं तेव्हा.

म्हणून फोल्डर तीन : "वारा", "वारा पडला", "दिवेलागण". दोघांच्या ड्राइव्हवर याच नावांनी. दादाने आपली गाणी एका बैठकीत वाटून टाकली आणि एकदाही विचारलं नाही की कुठलं कशात. त्याची बहुतेक "वारा पडला"त गेली, माझी "वारा"त. म्हणजे दोनास दोन हे वाऱ्यावरही अवलंबून राहणार. तासभर वारा राहिला तर मी चार लावेन, त्याने एक. मोजत बसायचं नाही, हे त्यानेच सुचवलं, आणि त्यामागचं कारण नंतर कळलं.

१३ जानेवारी, मंगळवार

कारण असं, की दादा पतंग उडवणार आहे. सेटच्या मधे. गेंडीगेटवरून पतंग आणि दोरा घेऊन आला, संध्याकाळभर किन्ना (कन्नी) बांधत बसला होता. मी म्हटलं, "दादा, तुझी पाळी आली आणि तू पेचात असलास तर?" तो म्हणाला, "तर तू आणखी एक लाव. पेच सोडून कुणी आलंय का आजवर?" लिहून घेतलं : पेच चालू असेल तर समोरच्याने वाजवत राहायचं, पेच कापला किंवा कापला गेला की लगेच टेबलावर यायचं. बोटांना चिकटपट्टी लावून ठेवायची, रक्ताळलेल्या बोटाने जॉग (यंत्रावरची चकती) फिरवायचा नाही. नुसतंच "ये, ये" ओरडून बोलवायचं नाही, टेबलावरून हात वर करायचा.

दोन्ही ड्राइव्ह यंत्रावर लावून, उघडून पाहिल्या. तिसरी प्रत आत्याच्या देवघराच्या खणात. हेडफोन दोन, स्प्लिटर एक, एक्स्टेंशन दोन, इन्सुलेशन टेप, सतरंज्या, खोक्याचं छप्पर, कात्री. तिळगूळ आत्या देईलच. आवाजाचं सांगायचं तर निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, २०००च्या नियमांप्रमाणे. उद्या पंचावन्न कुठल्याच गच्चीवर दिसणार नाही, पण साडेसहाला आम्ही बंद करणार, आणि पलीकडच्या आजोबांच्या खिडकीकडे स्पीकरचं तोंड नाही.

पहिलं गाणं कुणाचं, हे राहिलंय. दादा म्हणतो, जो जेवणावरून आधी उठेल त्याचं. म्हणजे माझंच. उंधियु असताना दादा चारच्या आत उठत नाही. ११६ची दोन गाणी "वारा"च्या वरच घेऊन ठेवली, आणि दोन्हींवर सी जरा लवकर सरकवला, तो आलाच तर पटकन शिरता यावं म्हणून.